श्रमदानाचा दगड

सर,

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. माझी धाकटी बहीण तर तोंडावरच म्हणते, "कायले जुनं उकरून राहिली वं तू? गेले ना ते!" गेलात हे खरं. चांगली पंधरा-सोळा वर्षं झाली. पण तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय कुठे होती? मी तोंड उघडलं की तुम्ही चष्मा काढायचात, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायचात आणि असं काही मऊ मऊ बोलायचात, की बोलणाऱ्यालाच आपण आगाऊ आहोत असं वाटावं. सगळे म्हणायचे, इतिहास विभागात एवढाच काय तो देवमाणूस. मीही म्हणायची. बाकीच्यांकडे पाहिलं की दगडापेक्षा वीट मऊ, असे तुम्ही होतातच. आता मात्र कोणी तुम्हाला देवमाणूस म्हणालं की मी उठून जाते. मागच्या महिन्यात एकदा अशीच उठले, चहा तसाच टाकून.

आज कॉलेजच्या फाटकापाशी पाथरवट बसला होता. आत आलं की डाव्या हाताला तो काळा दगड आहे ना, सुवर्णमहोत्सवात तुम्ही बसवलेला, त्याच्यापाशी. छिन्नी-हातोडा घेऊन दिवसभर तिथेच होता. त्याच्याकडून काय करून घेतलं ते सांगायलाच ही पानं काढली आहेत. पण एकदम नाही सांगणार. तुम्ही तरी वर्गात कधी उत्तर एकदम सांगितलंत?

वर्गाचंच आधी घ्या. बी.ए.चं दुसरं वर्ष. आम्ही दीक्षा घेऊन वर्षच झालेलं, वस्तीतून कॉलेजात येणारी मी एकटी मुलगी. बाहेर फेब्रुवारीतच ऊन तापलंय, आणि आत वर्ग मात्र गारेगार. भिंतीच तशा, हातभर जाड, काळ्या दगडाच्या. त्या गारव्याचं कौतुक तुम्ही दर उन्हाळ्यात करायचात. त्या दिवशी तुम्ही अमेरिकेतल्या गुलामगिरीवर बोलताय. जहाजात माणसं कशी कोंबली, कापसाच्या शेतात बायका कशा राबल्या, बाळंतीण झालेलीला दुसऱ्या दिवशी कशी कामावर उभी केली. तुमचा गळा दाटून आलाय. पहिल्या बाकावरच्या मुली डोळे पुसताहेत. आणि मग तुम्ही म्हणता, "मित्रांनो, जिथे माणसाच्या स्वातंत्र्यावर व्याख्यानं झडली, त्या तिकडच्या विद्यापीठांच्या भिंतीसुद्धा गुलामांनी रचलेल्या होत्या." 

आणि मी उभी राहिले. का राहिले देव जाणे. तोवर वर्षभरात तोंडातून शब्द काढला नव्हता. म्हटलं, "सर, मंग आपलं कॉलेज कोनं बांधलं?"

तुम्ही हसलात. "मंग नाही. मग. कोणी बांधलं." वर्ग फिदीफिदी हसला. डोळे पुसणाऱ्या मुलीही हसल्या. मी पुन्हा विचारलं, नीट शब्द लावून. म्हटलं, माझ्या आईनं इथे दगड वाहिलेत, तिला गावातून हाकलून आणलं होतं, बेगारीत. तेव्हा तुमचा चष्मा निघाला. "ते वेगळं," तुम्ही म्हणालात. "तिकडे माणसं विकत घेत. इथे मालगुजारांच्या गावांतली एक परंपरा होती. आणि एक लक्षात ठेव, इतिहास ही तक्रारवही नव्हे." सात समुद्रापलीकडच्या बायकांसाठी तुमचा गळा दाटून येत होता, सर, आणि माझी आई वस्तीत दाराशी विड्या वळत बसली होती, कॉलेजपासून सायकलरिक्षाच्या अंतरावर. तिच्या वाटेला आली तक्रारवही. त्या दिवसापासून मी 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. फार शिकवलंत तुम्ही मला. घरी आईशी बोलताना जीभ अडखळायला लागली, एवढं शिकवलंत.

आईची गोष्ट तुम्हाला पुढे मीच सांगितली, विभागात बसून, सगळी. म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तिचं गाव उमरेडच्या वाटेवर. गावाचा मालक असलेल्या मालगुजारानं नागपुरात कॉलेज काढायचं ठरवलं, त्याचं नाव झालं, साहेब लोकांनी पाठ थोपटली. आणि बांधायचं कोणी? तर गावच्या महारवाड्यानं. घरटी एक माणूस. मजुरी नाही, पीठ आपापल्या घरून. न्यायला यायचा मुकादम. दारात उभा राहून काठी आपटायचा. माझे आजोबा तापानं फणफणले होते, भाऊ पाठीवरचा लहान, म्हणून आई गेली. दहा-अकरा वर्षांची पोर, बैलगाडीमागून चालत नागपूरपर्यंत. चुन्याच्या खोपटात झोपायची, दिवसभर टोपल्यानं दगड-मुरूम वाहायची. मुकादम प्रत्येकीच्या टोपल्यावर काठीनं ठोकून बघायचा. पोकळ वाजलं की म्हणायचा, "भर अजून." चुंबळीला धड चिंधी नव्हती, गवताची पेंढी गोल वळून डोक्यावर घ्यायची आणि तीवर टोपलं. गावी परतली तेव्हा टाळूवर रुपयाएवढं टक्कल पडलं होतं. तिथे पुन्हा केस आलेच नाहीत. म्हणून आई घरातसुद्धा डोक्यावरून पदर ढळू द्यायची नाही. लोकांना वाटायचं, काय मर्यादशील बाई आहे!

तुम्ही चांगलं केलं नाहीत असं मी म्हणत नाही. तेच तर दुखणं आहे. एम.ए.ला पहिली आले तेव्हा मला तात्पुरती का होईना पण लेक्चरर म्हणून चिकटवलीत, त्यासाठी प्राचार्यांशी बोललात. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी कोणी बसेना, तर घरची हाताची खुर्ची आणून आपल्या खुर्चीला लावून ठेवलीत. ती अजून आहे, तिच्यातच बसून हे लिहितेय. आणि तुमच्या घरचं ते जेवण. काकूंनी, तुमच्या पत्नीनं, मला थेट स्वयंपाकघरात नेलं, स्वतःच्या शेजारी पाट मांडला, वडाभात वाढला, वर फोडणीचं तेल सोडलं. "लाजू नकोस गं, पोटभर जेव." त्या माउलीच्या मनात काही नव्हतं. तिच्या हातचं मी अजून विसरले नाही. पण तुम्ही! तुम्ही दारात उभे राहून बघत होतात, आणि तुमच्या मागे तुमचे दोन स्नेही, ज्यांना तुम्ही मुद्दाम त्याच वेळी बोलावलं होतंत. सोमवारी स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत. शिपायाला माहीत. "काल सरांकडे पंगतीला होतात म्हणे, बाई!" मला जेवायला घातलंत आणि गावभर ढेकर तुम्ही दिलीत.

मग सुवर्णमहोत्सवाचं वर्ष आलं. कॉलेजचा इतिहास लिहायचं काम तुमच्याकडे आलं, फाटकापाशी दगड बसवायचं ठरलं. तुम्ही मला म्हणालात, "बघ, तुझा तो प्रश्न मी विसरलेलो नाही. ज्यांनी घाम गाळला त्यांचा आपण सत्कार करू." मी किती हुरळले म्हणून सांगू! घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "माह्या सत्कार? पागल झाले काय तुह्ये सर?" पण दुसऱ्या दिवशी पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं तिनं.

आणि तुम्ही काय केलंत? गावाला पत्र धाडलंत. कॉलेजच्या बांधकामावर त्या वेळी कोण कोण होते ते कळवावे. अहो सर, एवढे इतिहासाचे प्राध्यापक तुम्ही! गावात पत्र गेलं म्हणजे कोणाच्या ओसरीवर वाचलं जातं, हे तुम्हाला कळू नये? ते मालगुजारांच्या वाड्यावर वाचलं गेलं. तिथे विचारलं, बांधकामावर कोण होतं? झालं, जे बांधकाम करवून घ्यायला होते तेच उभे राहिले. आम्ही होतो साहेब, आम्ही होतो. चांगली पाच नावं आली. तुम्ही ती तशीच दगडावर कोरून घेतलीत आणि वर मथळा दिलात, "श्रमदान करणारे ग्रामस्थ." खाली बारीक अक्षरात लेखन-संपादन म्हणून तुमचं नाव. आईचं नाव त्यात नाही म्हणून मी विचारलं, तर "यादी गावाकडूनच आली गं, आता कसं घुसडायचं? पण त्यांना घेऊन ये, पुढे बसव."

घेऊन आले. तिसऱ्या रांगेत बसवलं. हिरवं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. सगळ्यात आधी एक म्हातारा मंचावर आला, पांढरा फेटा, हातात काठी. तुम्ही त्याला शाल पांघरलीत, नारळ दिलात, वाकून नमस्कारही केलात. मग संत्र्यांची एक टोपली समोर ठेवली. त्यानं ती घेण्याआधी काठीनं दोनदा ठोकून बघितली.

आईनं माझं मनगट असं धरलं, की बांगडी पिचली. "हा तं मुकादम हाय वं," ती म्हणाली. "तोच हाय. हाच आमाले हाकलत आनत होता." हळू नाही, चांगलं मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मागे वळून बघितलं आणि शुक् शुक् केलं. टाळ्या वाजत होत्या. मला कळेना उठावं, की ओरडावं, की रडावं. आई उठली. "चाल," म्हणाली, "मले पाहवत नाही." आम्ही बाहेर पडलो तेव्हा तुम्ही लाउडस्पीकरवर म्हणत होतात की या वृद्ध ग्रामस्थांच्या घामाचं ऋण कॉलेज कधी फेडू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विभागात गाठलं. काय काय बोलले आठवत नाही, पण 'मले-तुले' सगळं परत आलं होतं तोंडात, एवढं आठवतं. तुम्ही दुरुस्त केलं नाहीत. पांढरे पडलात. "अरेरे," म्हणालात. "अरेरे, फार वाईट झालं." क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस उठेल, प्राचार्यांकडे जाईल, काहीतरी करील.

त्याऐवजी तुम्ही आमच्या घरी आलात. भर दुपारी, वस्तीतले बापे कामावर असताना. आईनं पुढच्या खोलीतला विड्यांचा पसारा बाजूला सारून तुम्हाला चूल होती तिथे आत घेतलं, कारण बसण्यासारखी जागा तेवढीच. तुम्ही आत आलात आणि आपल्या हातानं दार लोटून कडी घातलीत. "वारा येतोय," म्हणालात. कुठला वारा, सर? पान हलत नव्हतं. दारात चार बायका जमल्या होत्या, त्यांना दिसू नये म्हणून लोटलंत. मग पिशवीतून शाल काढलीत, नारळ काढलात, आणि माझ्या आईचा सत्कार केलात. स्वयंपाकघरात, कडी लावून. मी एकटी प्रेक्षक. मला जेवू घातलंत ते दोन साक्षीदार उभे करून, आणि आईला शाल दिलीत ती दार लावून. हे मी विसरू म्हणता?

आईनं शालीवरून हात फिरवला. "मऊ हाय," म्हणाली. मग डोक्यावरचा पदर मागे केला आणि ती घरातसुद्धा लपवायची ती टाळू तुमच्यापुढे वाकवली. "हे पाहा सर. तवा देली असती तं चुंबळ झाली असती." चेष्टा नव्हती ती. जे वाटलं ते बोलली. तुम्ही मान खाली घातलीत. ती पुढे म्हणाली, "मले नाही देली तरी चालते सर. पन त्याची काढा."

"कशी काढणार, आई?" तुम्ही तिला आई म्हणालात. "म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरची शाल कशी काढायची?"

"काहून? आमच्या अंगावरचं काढतच होते ना ते."

आईनं गुळाचा चहा टाकला, दूध नव्हतं. तुम्ही तो बशीत ओतून सगळा प्यालात आणि उठताना म्हणालात, "शालीचं माझ्या हातात नाही. पण दगडावरचं दुरुस्त करतो. शब्द देतो, आई." तुम्ही गेल्यावर आई मला म्हणाली, "मानूस बरा हाय वं तुह्या सर. फक्त भेते." मी चिडले. म्हटलं, एवढा मोठा माणूस, भितो कशाला? तिला माझ्यापेक्षा माणसं जास्त कळत होती, दुसरं काय.

दगड काही दुरुस्त झाला नाही. आधी म्हणालात, पाहुण्यांची वर्दळ संपू दे. मग म्हणालात, मालगुजारांचे वारस विज्ञान शाखेची नवी इमारत बांधून देताहेत, ते होऊन जाऊ दे. मग एकदा व्हरांड्यात मला थांबवून, आवाज खाली आणून म्हणालात, "तुझी कायम होण्याची ऑर्डर यायची आहे, विसरू नकोस." जणू माझ्यासाठीच तुम्ही गप्प होतात! माझ्या नोकरीची ढाल तुम्ही केलीत, सर, आणि तिच्यामागे लपलात तुम्ही. ऑर्डर आली, विज्ञानाची इमारत झाली, तुम्ही निवृत्त झालात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यातही पहिल्याच प्रकरणात, 'पंचक्रोशीतील ग्रामस्थांनी स्वयंस्फूर्तीने केलेल्या श्रमदानातून'. स्वयंस्फूर्तीने! तो शब्द लिहिताना तुम्हाला चुलीपुढची ती टाळू आठवली नाही? आठवली असणार. तुमची स्मरणशक्ती दांडगी होती.

तुमच्या शोकसभेत तेव्हाचे प्राचार्य बोलायला उभे राहिले. म्हणाले, त्या काळात सरांनी एका दलित विद्यार्थिनीला आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसवून जेवू घातलं होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मूग गिळून बसले, काय करणार, काकू समोर बसलेल्या. आई मात्र पुढे कितीतरी वर्षं विचारायची, "त्याची शाल काढली का वं तुह्या सरनं?" तुम्ही गेल्यावरही विचारायची. मी म्हणायची, काढून राहिले, आई. शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं विचारणं सोडून दिलं. ते जास्त लागलं मला.

आता अमृतमहोत्सव आलाय. आठ दिवसांवर. विभागाची प्रमुख मी, म्हणून समितीवर मी. पहिल्याच बैठकीत दगडाचा विषय काढला, सगळं सांगितलं, आईसकट. आताचे प्राचार्य तुमच्याच हातचे, नवीन काही नाही. "बाई, आनंदाचा प्रसंग आहे, कटुता नको." मग एकानं तोडगा काढला की जुना दगड राहू द्यावा, शेजारी नवा बसवावा आणि त्यावर लिहावं, 'ज्ञात-अज्ञात हातांना अभिवादन'. सगळ्यांनी माना डोलावल्या. वा वा, फार छान. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला! मी म्हटलं, अज्ञात कसे? माझ्या आईचे हात मला चांगले ज्ञात आहेत, तिनं मला वाढवलंय त्यांनी. आणि अभिवादन कशाचं करता? आधी मान्य करा की धरून आणलं होतं. तर मुकादमाचा नातू, तो आता आपल्या संस्थेचा विश्वस्त आहे, बोटात तीन अंगठ्या, तो म्हणाला, "बाई, दरवर्षी आम्ही सहकुटुंब येऊन त्या दगडाला हार घालतो. आमच्या आजोबांचं नाव आहे. अक्षरं फिकी पडली आहेत, तेवढी सोनेरी रंगवून घ्या." ठराव पास. आणि रंगवून घ्यायचं किरकोळ काम कोणाकडे? "बाई, तुम्ही बघून घ्याल ना तेवढं?"

बघते की, म्हटलं. का नाही बघणार!

आज सुट्टी होती. फाटकाच्या किल्ल्या मी कालच मागून घेतल्या होत्या. कन्हानकडचा एक पाथरवट सांगून ठेवला होता, तो सकाळीच आला. आधी माझ्या मनात होतं, पाचही नावं खरवडून टाकावीत. आई म्हणाली होती ना, काढा. पण रात्रभर विचार केला तेव्हा वाटलं, नावं काढली तर ते सुटले. कोणी केलं कळणारच नाही. नातू म्हणेल, आमच्या आजोबांवर अन्याय झाला. नाही, नावं राहू देत, चांगली ठसठशीत. मी त्याला फक्त वरचा मथळा घासून काढायला सांगितला. तेवढी पट्टी त्यानं खोल नेली, दुपारपर्यंत ठोकत होता, आणि तिच्यात नवी अक्षरं कोरली. 'बेगार घेणारे.' दोनच शब्द. खाली पाच नावं जशीच्या तशी. सोनेरी रंग उद्या भरायचा आहे, ठरावाप्रमाणे, आणि मग समारंभापर्यंत वर कापड टाकून ठेवायचं. त्या दिवशी नातू सहकुटुंब हार घेऊन येईल आणि वाचेल. माझं काय करायचं ते करोत. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत आणि ऑर्डर कायम होऊन जमाना झाला.

आई, काढली बघ त्याची शाल, असं मी तिथेच उभी राहून म्हटलं. पाथरवटानं विचारलं, "मले म्हटलं का बाई?" म्हटलं, नाही दादा, तुमचं चालू द्या.

मग तो हत्यारं पुसायला लागला आणि पुसता पुसता दगड वाचायला लागला, एकेक अक्षर लावत. शेवटी बोट ठेवून म्हणाला, "बाई, मंग हे खालचं नाव? हे बी यायच्यातच गेलं म्हना ना."

तुमचं नाव, सर. शपथेवर सांगते, मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मथळ्याचा विचार करत होते, पण मथळा बदलला की त्याच्याखाली सगळ्यांत शेवटी तुम्हीही येता, हे ध्यानातच आलं नाही. बेगार घेणारे, मुकादम, त्याचे चार सोबती, आणि तुम्ही. तो माणूस विडी पेटवून माझ्या उत्तराची वाट बघत बसला. मला वाटलं, बरोबरच आहे. काय चुकलं? तुम्हीही घेतलंतच. माझ्या आईची गोष्ट घेतलीत आणि तिचं श्रमदान करून छापलंत. तिचा चहा घेतलात आणि शब्द पाळला नाहीत. मला जेवू घातल्याचं नाव आयुष्यभर घेतलंत, मेल्यावरसुद्धा. म्हटलं, राहू द्या दादा, ठीक आहे तसंच.

त्यानं हत्यारं पोत्यात भरली. पोतं खांद्यावर टाकून तो फाटकापर्यंत गेला आणि मी त्याला हाक मारली. म्हटलं, "दादा, त्या पाच नावांच्या आणि या नावाच्या मधे एक रेघ मारता येते का?"

"जाड का बारीक?"

"बारीकच."

त्यानं पोतं उतरवलं, पुन्हा बसला, रेघ मारून दिली. कशासाठी, ते मला विचारू नका. तुम्ही भीत होतात, पण काठी तुमच्या हातात नव्हती, एवढाच तिचा अर्थ. त्याहून जास्त काही काढू नका. सोनेरी रंग तिच्यात भरायचा नाही असं मी रंगाऱ्यासाठी लिहून ठेवलंय, त्यामुळे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कोणाला दिसणारही नाही.

ही पानं कुठे धाडायची असती तर धाडली नसती. काकू अजून आहेत, त्यांच्या हाती पडायला नकोत. खुर्चीच्या गादीखाली ठेवून देते, खुर्ची तुमचीच आहे. आणि एक राहिलं. ती रेघ मारून घेत होते तेव्हा फाटकाला आतून कुलूप होतं. मीच लावलं होतं, कोणी बघू नये म्हणून. पाथरवटानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, वारा येतोय.